दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आठवीवर दिवसभर बदली तास आलाय, काय घेऊ?

नवी_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी हायस्कूलवर दोन महिन्यांसाठी लागलेय, तिथल्या मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात त्यांच्या जागी. बीएड झालंय, टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा पास आहे, टेट ही भरतीची परीक्षा पण दिलीय, पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवर कधी नंबर लागतो त्याची वाट बघणं चालूच आहे.

शुक्रवारी शाळेचा शेवटचा दिवस, मग दिवाळीची सुट्टी. सत्र परीक्षा संपली, पेपर तपासून झाले, तीन सर रजेवर, त्यामुळं हेडसरांनी आज बोलावून सांगितलं की आठवी अ दिवसभर तुमच्याकडं, नवीन काही शिकवू नका, फक्त वर्ग शांत ठेवा. पट ४४ चा आहे पण त्या दिवशी वीस-पंचवीसच येतील असं सगळे म्हणायलेत.

मागच्या आठवड्यात सातवीवर असाच एक तास होता, मी शुद्धलेखन लिहायला दिलं, दहा मिनिटांत वर्ग हातातून गेला. तिसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, मॅडम तुम्ही परमनंट का? मी नाही म्हणाले तर तिनं वही मिटून दप्तरात घातली. वाईट वागायचं म्हणून नाही केलं तिनं, तिला खरंच वाटलं की मग हे लिहिलेलं कोण तपासणार. ते डोक्यातून जाईना.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. आठवीतल्या सात-आठ पोरांचे आईवडील ऊसतोडीला जातात. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं त्यामुळं जे एरवी जात नव्हते ते पण निघालेत. एक पोरगा काल पायरीवर भेटला तर म्हणाला, मॅडम आता मी डायरेक्ट एप्रिलला येतो. म्हणजे शुक्रवार हा त्याचा या वर्षाचा जवळजवळ शेवटचाच दिवस. त्या दिवशी मी काय शिकवावं म्हणजे तो दिवस वाया जाणार नाही, हे मला कळत नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

खडूफळा

मॅडम, मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी एक ध्यानात घ्या, त्या दिवशी जी पोरं येतात ती उगाच येत नाहीत. ज्यांना घरी थांबायला कारण आहे ते घरीच थांबतात. जी येतात त्यांच्यातल्या कुणाच्या घरी फराळाची गडबड नाही, कुणाला दिवसभर रानात न्यायच्या बेतात असतात म्हणून ते शाळेत पळून आलेलं असतं, कुणाला खिचडी पाहिजे, कुणाला नुसती मैत्रीण भेटावी म्हणून. आणि वाडी-तांड्यावरच्या पोरी येतात त्या मानव विकासच्या गाडीनं, म्हणजे पोरींना शाळेत ने-आण करणाऱ्या एसटीनं, ती गाडी संध्याकाळीच परत असते, त्यामुळं वर्ग लवकर सोडून देऊ असं कुणी म्हणालं तरी सोडू नका, त्या पोरी दोन-तीन तास स्टँडवर बसून राहतात.

पहिला तास सगळा दिवस ठरवतो. हजेरी नीट घ्या, नाव घेऊन, तोंडाकडं बघून. मग बाकं बाजूला सरकवा नाहीतर सरळ व्हरांड्यात गोल बसवा. पंचवीस पोरं ४४ च्या बाकांवर पसरून बसली की मागच्या कोपऱ्यात गोंधळ सुरू होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. गोलात मागचा बाक राहत नाही.

मग मोठ्यानं वाचून दाखवा. धडा नाही, गोष्ट. मधे थांबून यातून काय शिकलात असं विचारायचं नाही, अवघड शब्दाचा अर्थ पण विचारायचा नाही, वाचत राहायचं. आठवीच्या पोरांना कुणी वाचून दाखवत नाही, लहान होती तेव्हापण बऱ्याच जणांना कुणी दाखवलेलं नसतं. काय वाचायचं म्हणाल तर बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहेत, आज रात्री मोबाईलवर दोन गोष्टी निवडून ठेवा, एकदा स्वतःशी मोठ्यानं वाचून बघा. घरी वाचलेली गोष्ट वर्गात दुप्पट चांगली जाते हा माझा अनुभव.

साधा_माणूस_७७

एवढं कशाला? शाळेत स्मार्ट टीव्ही असंल तर पिक्चर लावून द्या, पोरं पण खूष. आणि जास्त आवाज करायला लागली तर एक छडी टेबलावर ठेवा, वापरायची नाही, नुसती ठेवायची.

खडूफळा

दादा, राग मानू नका पण छडी टेबलावर पण नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं तर बंद आहेच, मानसिक त्रास देणं पण त्यात आलं. आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या बाईंनी छडी ठेवली की पोरांना एवढंच कळतं की हिच्याकडं दुसरं काही नाही. पिक्चरचं म्हणाल तर अर्धा तास ठीक, दिवसभर नको, शिवाय आपल्याकडं लाईटचा भरवसा कुठं आहे.

गणितवेडा

नांदेडहून लिहितोय, खाजगी क्लास घेतो, त्याआधी चार वर्षं तासिका तत्त्वावर होतो त्यामुळं बदली तासाचं दुखणं माहीत आहे. मॅडम तुम्ही मराठीच्या आहात तरी एक गणिताची गोष्ट सांगतो, ती दिवाळीचीच आहे, घाबरू नका, सगळं खाली लिहून देतो.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. आपल्याकडं १५ ते ८ अशी रांगोळी घालतात ना, मधली ओळ १५ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत ८ पर्यंत, ठिपके वरच्या दोन ठिपक्यांच्या मधात येतात. पोरांना विचारा एकूण ठिपके किती, पण एकेक मोजायचे नाहीत. पाच मिनिटं गप्प बसा. कुणीतरी म्हणेल वरचा आणि खालचा भाग सारखाच आहे, मग एकच मोजू आणि दुप्पट करू. मग ८ पासून १४ पर्यंतची बेरीज, तिथं ८ आणि १४ ची जोडी २२, ९ आणि १३ ची २२, १० आणि १२ ची २२, मधे ११ एकटा, झाले ७७. दुप्पट १५४, त्यात मधली १५ मिळवा, १६९.

आता खरी मजा. छोट्या रांगोळ्या घालायला लावा, गटागटानं. एकच ठिपका म्हणजे १. मग ३ ते २, त्यात ७. मग ५ ते ३, त्यात १९. ७ ते ४, त्यात ३७. फळ्यावर हे आकडे एकाखाली एक लिहा आणि फक्त एवढंच म्हणा की एकेक मिळवत जा. १. एक आणि सात ८. आठ आणि एकोणीस २७. सत्तावीस आणि सदतीस ६४. इथं थांबा, तुम्ही बोलू नका. घातांक आणि घनमूळ आठवीलाच आहे, कुणीतरी ओरडणारच. पुढची ९ ते ५ ची रांगोळी, तिच्यात ६१, म्हणजे १२५ झाले पाहिजेत, आणि होतात.

असं का होतं हे विचारलं तर रुबिक क्यूब कुणाकडं असला तर मागवून ठेवा. तो कोपरा डोळ्यासमोर येईल असा धरला की तीन बाजू दिसतात. एकूण ठोकळे २७, मधला मोजून २७. मागं लपलेले ८. दिसणारे १९. ५ ते ३ च्या रांगोळीत तेवढेच ठिपके. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी रात्री जागा राहिलो होतो, आपली आई-आजी अंगणात रोज हे घालत होती आणि आपण पाय चुकवून जात होतो.

अजून एक, पोरं पोरी मिसळून गट करा. पोरं म्हणतील रांगोळी आम्हाला येत नाही, म्हणू द्या, ठिपके तर मांडता येतात. ज्या पोरी गणिताच्या तासाला मान वर करत नाहीत त्या या दिवशी दुसऱ्यांना शिकवतात.

टायरगाडी

मी इथं फक्त वाचत असतो, लिहित नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

माझे आईवडील कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जायचे, सांगली आणि कोल्हापूरकडं, दोन वर्षं बेळगावकडं पण. मी धारूर तालुक्यातला. आता सरकारी नोकरीत आहे, तलाठी. सातवीपर्यंत दरवर्षी दिवाळीनंतर टायरगाडीवर बसून गेलो, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहिलो, आई-बाप पहाटे फडात, उसाच्या रानात गेले की धाकट्या भावाला सांभाळायचो. परत आलो की वर्गात मागचं काहीच कळायचं नाही.

सहावीला अशाच शेवटच्या दिवशी आमच्या वर्गावर एक बदलीचे सर आले होते. त्यांचं नाव मला आठवत नाही, चेहरा आठवतो. त्यांनी काय शिकवलं ते पण आठवत नाही. सुट्टी झाल्यावर मी बाहेर निघालो तर त्यांनी हाक मारली, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, तुझा नंबर तेवीस, तू येईस्तोवर तेवीस नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. बास, एवढंच. पण सहा महिने फडावर ते माझ्या डोक्यात होतं, की तिकडं गावात एक जागा आपल्या नावानं रिकामी आहे.

मॅडम, काही गोष्टी सांगतो त्या तेवढ्या पाळा.

वर्गात सगळ्यांसमोर कोण कोण ऊसतोडीला जाणार हात वर करा असं विचारू नका. हे आमच्या वेळी दरवर्षी विचारायचे, कुणाला तरी यादी पाहिजे असायची. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. दिवाळीत काय काय घेणार, किल्ला कुठं करणार, यावर निबंध पण देऊ नका, उचल म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे घेतलेल्या घरात दिवाळी म्हणजे निघायची तयारी असते.

जो जाणारच आहे त्याच्यासाठी हेडसरांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, ते दाखवून जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. ते नसलं तरी शाळेला नाही म्हणता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मधे आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे पोराला तोंडपाठ करून पाठवा कारण तिथं त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं, बाप फडात असतो.

आणि ज्याला आजी-आजोबांजवळ ठेवता येण्यासारखं आहे त्याच्या घरी हंगामी वसतिगृहाचं बोला, आईबाप फडावर असेस्तोवर पोराला गावाकडंच ठेवायची ती सोय. काही ठिकाणी संत भगवानबाबा वसतिगृहं पण आहेत, २०२१ ला ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी ती योजना आली, पोरांची पोरींची वेगळी. तुमच्या तालुक्यात चालू आहे का ते समाजकल्याणच्या ऑफिसात कळंल. माझी सातवीनंतरची शाळा आजीनं मला ठेवून घेतल्यामुळंच झाली, म्हणून सांगतो.

मांजराकाठ

टायरगाडी दादांनी सगळं सांगितलं, मी एकच जोडते. मी अंगणवाडी ताई आहे, केज भागातली. ताई, पोरींकडं त्या दिवशी जरा जास्त लक्ष द्या. आईबाप फडावर जायचे म्हटले की वयात आलेली पोर कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न पडतो आणि त्यातून सुट्टीत लग्न उरकतात. तेरा-चौदा वर्षांची पोर स्वतःहून सांगत नाही, पण शेवटच्या दिवशी ती घरी जायला मागंपुढं करते, वह्या मैत्रिणीला देऊन टाकते. असं दिसलं तर गप्प बसू नका. १०९८ वर फोन करा, आणि गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवा. तुम्ही परमनंट नाहीत म्हणून कळवता येत नाही असं काही नसतं.

परभणीकर

पोस्टकार्डं घ्या मॅडम. पन्नास पैशाला एक. पंचवीस कार्डं साडेबारा रुपये. त्याच्यावर शाळेचा पत्ता पोरांकडूनच लिहून घ्या आणि कोरं कार्ड त्यांच्याजवळच द्या, सुट्टीत नाहीतर फडावरून टाकायला. मराठीच्या बाईंना पत्रलेखनाचा यापेक्षा चांगला तास सापडणार नाही. पिनकोडचं सांगा, १९७२ ला सुरू झाला, पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा भाग, कर्नाटकात ५ नं सुरू होतो. आमच्या शाळेत हे केलं तेव्हा कळलं की नववीतल्या निम्म्या पोरांना स्वतःच्या गावाचा पिन माहीत नव्हता.

नवी_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार झाला, जसा झाला तसा सांगते.

तेवीस आले. गोलात बसवलं. वाचन मात्र सुरुवातीला जमलं नाही, शेजारच्या वर्गात नववीची पोरं बाकं वाजवत होती, माझा आवाज पोचेना. मग सगळ्यांना घेऊन मागच्या लिंबाच्या झाडाखाली गेले आणि तिथं एक गोष्ट पूर्ण झाली, दुसरी अर्धी राहिली. खडूफळा सर, तुम्ही म्हणालात तसं काहीच विचारलं नाही. संपल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मग एकानं विचारलं, अजून आहे का.

रांगोळीला दोन तास गेले. पांढरी भुकटी कमी पडली तर शिपाईमामांनी मैदान आखायची फक्की आणून दिली. १, ८, २७ लिहीपर्यंत कुणाला काही दिसलं नाही. ६४ लिहिल्यावर कोपऱ्यातून एक पोरगी म्हणाली, मॅडम हे चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. म्हणाली एवढं हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर आहे ती, बाकीच्या मॅडम पण बघायला आल्या. मग तिनंच पुढची ९ ते ५ ची मांडली आणि फक्की हातावर झटकत १२५ करून दाखवले. रुबिक क्यूब कुणाकडंच नव्हता, खडूच्या रिकाम्या खोक्यांवर भागवलं, ते नीट समजलं नाही पोरांना, परत करीन.

पोस्टात कार्डं अकराच मिळाली. म्हणून जे जाणार आहेत त्यांनाच दिली, एकेकाला बाजूला घेऊन, दादा तुम्ही सांगितलं तसं. सात जण आहेत. पायरीवर भेटला होता त्या पोरानं पत्ता लिहिताना पिन दोनदा गिरवला. हजेरी उघडून त्याचा नंबर दाखवला, एकतीस. तो काही बोलला नाही, नुसतं बघितलं आणि मग विचारलं की मधे कुणी नवीन पोरगं आलं तर. मी म्हणाले त्याला पंचेचाळीस देतील.

पोरींपैकी एकीचं मला बरोबर वाटलं नाही. ते इथं लिहित नाही. मांजराकाठ ताई, तुम्हाला मेसेज करते.

हेडसर बुधवारी ऑफिसला येणार आहेत, सात जणांची यादी लेखी देणार आहे हमी पत्रकासाठी. यादीत नाव, आईवडिलांचं नाव, इयत्ता एवढं लिहिलंय, अजून काय पाहिजे?

टायरगाडी

मुकादमाचं, म्हणजे टोळी घेऊन जातो त्याचं नाव-गाव आणि कारखाना कुठला ते लिहा मॅडम, आणि मुकादमाचा मोबाईल नंबर. पोराच्या बापाचा फोन फडावर बंद असतो, मुकादमाचा कधीच नसतो. कारखाना कळला की तिथली जवळची शाळा काढता येते. घरी विचारायला जाणार असाल तर संध्याकाळी सातनंतर जा, आत्ता दिवसा सगळे उरल्यासुरल्या सोयाबीनच्या मागं आहेत. आणि त्या एकतीस नंबरच्या पोराला मराठीचं पुस्तक बरोबर न्यायला सांगा, गाडीत सामान जास्त झालं की पहिली पुस्तकंच खाली उतरवतात.